अंजनी तांबे आणि इंग्रजीची शेपटं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अंजनी तांबेने पहिलाच आलेला फोन ठेवून दिला. रागाने नाही, अगदी आज्ञाधारकपणे. पलीकडचा माणूस म्हणाला, "पुट मी थ्रू टू मिस्टर लीलाराम," आणि पुट म्हणजे ठेवणे हे पाचवीपासून पाठ असलेल्या अंजनीने रिसीव्हर दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. पुन्हा घंटी वाजली. तोच आवाज, आता जरा चढलेला. "आय सेड, पुट मी थ्रू." अंजनी "येस सर" म्हणाली आणि पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा शेजारच्या टेबलावरचे कमळाकर पाटील टाइपरायटर सोडून उठले, त्यांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला, बोर्डावरचा तिसरा खटका खाली ओढला आणि आतल्या खोलीत शेठजींचा फोन वाजला.

"गो पोरी," ते परत बसता बसता म्हणाले, "तो ठेव नाय बोलत. जोडून दे बोलतो."

"पण पुट म्हणाला तो, काका."

"पुट नाय. पुट थ्रू."

साल चौऱ्याऐंशी. जागा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमधली. लीलाराम शेठजींचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, तिच्या पुढ्यात दोन खोल्यांचं ऑफिस. लिमलेटच्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या पाडणारी मशीनं तिथे बनत. मशीन तयार झालं की साखर टाकून चालवून बघायचं, त्यामुळे ऑइल आणि ग्रीसच्या वासात मधूनच संत्र्याचा वास मिसळायचा आणि संध्याकाळी कामगारांचे खिसे गोळ्यांनी खुळखुळायचे. शेठजींनी नवा टेलिफोन बोर्ड घेतला होता, बाहेरच्या दोन लाइनी आणि आतली सहा कनेक्शनं. त्यावर बसायला मुलगी पाहिजे होती. अंजनी मॅट्रिक झालेली, इंग्रजीत अठ्ठावन्न मार्क. तिचे वडील भगवंत तांबे अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात होते. लेक टेबलाशी बसून नोकरी करणार, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बुद्धविहारात पेढे वाटले होते. पेढे वाटून झाल्यामुळे आता दुसऱ्या दिवशी नोकरी सोडणं शक्य नव्हतं.

नाहीतर तिने सोडली असती. पहिला आठवडा फार वाईट गेला. एकजण म्हणाला "हँग ऑन", हिने ठेवला. दुसरा म्हणाला "होल्ड ऑन", तेव्हा हिने रिसीव्हर घट्ट धरला आणि काही न बोलता तशीच बसून राहिली. ते मात्र बरोबर निघालं. एक बाई म्हणाल्या "आय विल हँग अप नाऊ", आणि अंजनी तीन मिनिटं "हॅलो, हॅलो" करत राहिली. तिची पंचाईत अशी की शब्द सगळे ओळखीचे होते. पुट, गेट, टेक, लुक, टर्न, गिव्ह. चौथी-पाचवीतली पोरं म्हणतात ते शब्द. अनफॉर्च्युनेटलीसारखा लांबलचक शब्द दिसायला धिप्पाड, पण स्वभावाने गरीब. त्याचा एकच अर्थ, तो पाठ केला की आयुष्यभर बदलत नाही. हे तीन-चार अक्षरांचे शब्दच लबाड होते. मागे अप लागलं की एक, ऑफ लागलं की दुसरं, आउट लागलं की भलतंच.

कमळाकर पाटील पालेगावचे. घरची शेती होती, पण वडिलांनी कल्याणला ठेवून शिकवलं आणि ते टायपिंग शिकून कारकून झाले. त्यांचं इंग्रजी जुन्या पत्रव्यवहारावर पोसलेलं, "वुई बेग टू स्टेट"च्या पुढे फारसं न गेलेलं. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती कामाची होती.

"तू जनावराचं तोंड बघतंस," ते म्हणाले. "शेपूट बघ. इंग्रजीत सगळा जीव शेपटात हाय."

त्या दिवसापासून अंजनी शेपटं गोळा करायला लागली. विहाराच्या कॅलेंडरची उलटलेली पानं ती घरी आणायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दिवसभरात ऐकलेलं लिहून काढायची. एका पानावर एकच शब्द, खाली त्याची शेपटं. लवकरच घराची एक भिंत गिव्ह, टेक आणि लुकने भरली.

तिची आई वेणू. शाळेत न गेलेली, पण बोलायला पक्की, चाळीत कुणाचं भांडण झालं की दोन्हीकडचे तिलाच बोलवायला यायचे. एकदा ती जवळा निवडत बसली होती आणि अंजनी मोठ्याने घोकत होती. गिव्ह म्हणजे देणे. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे. गिव्ह इन म्हणजे नमतं घेणे. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे.

"ह्यात घोकायचं काय?" वेणू म्हणाली.

"एकाच शब्दाचे इतके अर्थ, आई. लक्षात कसे ठेवायचे?"

"मग आपण काय वेगळं बोलतो? चांगुणाने पातेलं देऊन टाकलं. चांगुणा पातेलं देऊन बसली. एकच झालं का?"

अंजनीने पेन्सिल खाली ठेवली.

"देऊन टाकलं म्हणजे सुटली," वेणू म्हणाली. "देऊन बसली म्हणजे आता पस्तावतेय. तुझा बाप परवा मुकादमाला बोलून गेला. बोलून बसला असता तर नोकरी गेली असती. नि बोलून दाखवलं असतं तर मी ओवाळलं असतं त्याला."

अंजनी हसायला लागली. हसता हसता तिने नवं पान घेतलं आणि त्यावर इंग्रजीऐवजी मराठी लिहिलं. करून टाक, करून ठेव, करून बघ, करून दे, करून बस. पाचही वाक्यं तिला जन्मापासून येत होती आणि एकाचाही अर्थ तिने कधी पाठ केला नव्हता. मग तिला वाटलं, हे आपण कसं शिकलो असू? कुणीतरी काहीतरी करताना बोललं, आपण पाहिलं, आणि झालं. तेव्हापासून तिने अर्थ लिहिणं कमी केलं. कोण, कधी, कशासाठी म्हणालं ते ती लिहायला लागली. टर्न डाउनच्या समोर तिने लिहिलं, "पुण्याच्या पार्टीने आपला भाव घेतला नाही तेव्हा शेठजी." कट ऑफच्या समोर, "लाइन गेली तेव्हा एक्स्चेंजची बाई."

सहा महिन्यांत तिचा बोर्ड सुरळीत चालू लागला. आणि याच सुमाराला तिला शेठजींचं गुपित कळलं.

गल्लीत लीलाराम शेठजींच्या इंग्रजीचा दबदबा होता. फोनवर ते खणखणीत बोलत, "येस, येस. ऑफ कोर्स. डेफिनेटली. नो प्रॉब्लेम." शेजारचे फर्निचरवाले कौतुकाने ऐकत. अंजनी बोर्डावर बसून रोज ऐकत होती म्हणून तिच्याच लक्षात आलं की शेठजींचं इंग्रजी तेवढंच आहे. फाळणीनंतर ते नऊ वर्षांचे असताना कॅम्पात आले. शाळा राहिली ती राहिलीच. गळ्यात तबक अडकवून गोळ्या विकल्या, मग गोळ्या बनवल्या, मग गोळ्यांचं मशीन मोडलं ते दुरुस्त करता करता मशीन बनवायला शिकले. इंग्रजी शिकायला मध्ये कुठे जागाच नव्हती.

एक दिवस त्यांनी तिला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि एक पत्र पुढे सरकवलं.

"बेटी, ये देख. लिखता है, लुक फॉरवर्ड. बोले तो आगे देखो. आगे क्या है? मैंने सामने का सब देख लिया, दीवार है."

अंजनीने गंभीर चेहरा ठेवला. "शेठजी, ते म्हणतायत की तुमच्या उत्तराची वाट बघतोय. आनंदाने."

"इतनाच? तो वैसा लिखने का ना." त्यांनी पत्र घडी घालून ठेवलं. मग नजर टेबलावरच ठेवून म्हणाले, "बाहर किसी को बोलना नहीं, साईं. तीस साल से चल रहा है."

"नाही बोलणार," अंजनी म्हणाली. "मलाही पहिल्या दिवशी पुट थ्रू येत नव्हतं. मी तुमचा फोन दोनदा ठेवला."

शेठजींनी प्रथमच तिच्याकडे नीट बघितलं. "वो तू थी?" असं म्हणून ते इतके हसले की बाहेर कमळाकर पाटलांचं टाइपरायटर थांबलं.

तिथून दोघांची जोडी जमली. महत्त्वाचा इंग्रजी फोन आला की अंजनी शेठजींच्या परवानगीने लाइनवर राहायची. फोन संपला की आत जाऊन सांगायची. शेठजी तिला बेटी म्हणायचे आणि कमळाकर पाटील तिला मास्तरीण म्हणायला लागले होते. अंजनीला जरा गर्वही झाला होता. तो दोन वर्षं टिकला.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात कोलंबोहून ट्रंक कॉल आला. गुणशेखरा नावाचे गृहस्थ. तिकडे गोळ्यांचा लहानसा कारखाना काढत होते, चार महिने पत्रव्यवहार चालू होता. मशीनचे भाग तयार होते, पण सुटे, शेडमध्ये पसरलेले. जोडणीला अजून महिना लागेल असा बबन मिस्त्रींचा अंदाज होता. लाइन फार खराब होती, समुद्र मध्ये आहे हे ऐकू येत होतं. गुणशेखरा म्हणाले की ते पुढच्या शुक्रवारी मशीन बघायला येतायत, आणि मग म्हणाले, "कॅन यू पुट अस अप? फोर डेज."

"येस, येस," शेठजी म्हणाले. "डेफिनेटली. नो प्रॉब्लेम."

अंजनी आत गेली.

"पुट अप मतलब?" शेठजींनी विचारलं.

तिने भिंतीवरचं पान डोळ्यांसमोर आणलं. नगरपालिकेच्या निवडणुकीत कुणीतरी मोठं पोस्टर उभारताना म्हणालं होतं ते तिने लिहिलं होतं. "पुट अप म्हणजे उभं करणं, शेठजी. खड़ा करना. अस म्हणजे आमच्यासाठी. आमच्यासाठी मशीन उभं करा, चार दिवसांत."

"चार दिन में?"

"फोर डेज म्हणाले. मी स्पष्ट ऐकलं."

शेठजींनी डोक्याला हात लावला, पण हो म्हणून बसले होते. त्यांनी बबन मिस्त्रींना बोलावलं. बबन मिस्त्री आधी नाही म्हणाले, मग शक्यच नाही म्हणाले, मग शर्ट काढून खुंटीला लावला आणि कामाला लागले. सोमवार ते गुरुवार शेडमध्ये नुसती धावपळ होती. शेठजींनी स्वतः बाह्या सरसावून बोल्ट आवळले. कमळाकर पाटील घरून टोपलीभर पोपटी वाल उकडून आणायचे आणि सगळ्यांना वाटायचे. अंजनी फोन सांभाळून अधूनमधून रंगाचा डबा धरून उभी राहायची. गुरुवारी संध्याकाळी मशीन उभं राहिलं, चालू झालं आणि पहिली हिरवी गोळी बाहेर पडली. शेठजींनी ती उचलून कपाळाला लावली.

शुक्रवारी अकरा वाजता दारात टॅक्सी थांबली. गुणशेखरा उतरले, त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायको हेमलता, आणि तिच्या हाताला धरून गुणशेखरांची आई, पूर्ण पांढऱ्या कपड्यांतली, सत्तरीची म्हातारी. मग टॅक्सीवाल्याने सामान काढलं. दोन मोठ्या बॅगा, एक वळकटी, एक करंडी. अंजनीला जरा नवल वाटलं. मशीन बघायला यायचं तर वळकटी कशाला?

मशीन बघून गुणशेखरा थक्क झाले. तयार असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी ते दोनदा चालवून पाहिलं, बबन मिस्त्रींचा हात हातात घेऊन हलवला. चहा झाला, गोळ्या खाऊन झाल्या. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि नम्रपणे विचारलं की खोल्या कुठे आहेत, आई दमली आहे.

"खोल्या?" शेठजींनी अंजनीकडे बघितलं.

"तुम्ही म्हणाला होतात ना, पुट अप करू म्हणून," गुणशेखरा इंग्रजीत म्हणाले. "चार दिवस."

अंजनीला त्याच क्षणी उलगडलं. पुट अस अप. आम्हाला ठेवून घ्याल का, उतरायला जागा द्याल का, असं तो बिचारा विचारत होता. मशीनचा संबंधच नव्हता.

ती शेठजींजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "माझी चूक झाली. ते राहायला आलेत. मशीन नाही, त्यांना ठेवून घ्यायचं होतं."

शेठजींचा चेहरा पडला. त्यांच्या घरी थोरली मुलगी बाळंतपणाला आलेली, तिच्यामागे तिचं सासर, वर रंगाचं काम चाललेलं. हॉलमध्येही चार खाटा पडल्या होत्या. चांगलं हॉटेल म्हणावं असं आसपास काही नव्हतं. पाहुण्यांना मुंबईला परत धाडायचं तर म्हातारी खुर्चीतच डुलायला लागली होती. तिने मान वर केली आणि सुनेला काहीतरी विचारलं. हेमलताने अंजनीकडे वळून इंग्रजीत विचारलं की जवळ एखादं बुद्धाचं मंदिर आहे का. आई रोज वंदनेला बसते.

"आमच्या घरासमोर आहे," अंजनी म्हणाली. आणि मग विचार न करता पुढचं बोलून गेली. "तुम्ही आमच्याकडे चला."

तिने आईला निरोप धाडला नव्हता, घरात दोन खोल्या आणि तीन माणसं. पण वेणूने दारातच पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी पाहिली, हात जोडले आणि म्हणाली, "या. आत या." पुढच्या अर्ध्या तासात चाळीने घराची मांडणी बदलली. शेजारच्या चांगुणामावशींनी आपली पुढची खोली मोकळी करून दिली. भगवंत तांब्यांनी आपलं अंथरूण उचललं आणि ते विहाराच्या ओट्यावर मुक्कामाला गेले. कुणाकडून गादी आली, कुणाकडून नवी बादली. कमळाकर पाटलांनी पालेगावाहून तांदूळ आणि दोन नारळ आणून दिले.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. चाळीतली नेहमीची माणसं होती आणि मध्ये म्हातारी, जमिनीवर पाय दुमडून बसलेली. त्रिशरण सुरू झालं तशी तिने मान वर करून इकडेतिकडे बघितलं. चाल वेगळी होती, उच्चारही थोडे निराळे, पण शब्द तेच होते, जे ती लहानपणापासून म्हणत आली होती. तिने डोळे मिटले आणि त्यांच्यात आवाज मिसळला. पंचशील संपेपर्यंत दोन चालींची एक झाली नाही, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर तिने वेणूचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

त्या दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नव्हती आणि चार दिवस त्या गप्प म्हणून बसल्या नाहीत. पहिल्या जेवणाला म्हातारीने भाताकडे बोट दाखवून म्हटलं, "बत." वेणू म्हणाली, "भात." म्हातारीने मिरची उचलली. "मिरिस." वेणू म्हणाली, "मिरची." दोघी अशा हसल्या की जणू माहेरची ओळख निघाली. सुकटीची चटणी म्हातारीला इतकी आवडली की तिने पानात तीनदा वाढून घेतली.

हेमलता तिकडे शाळेत इंग्रजी शिकवायची. अंजनीने तिला पहिल्याच रात्री खरं काय ते सांगून टाकलं, अडखळत, आपल्या इंग्रजीत. पोस्टर, मशीन, चार दिवस, सगळं. हेमलता ऐकता ऐकता तोंडावर पदर धरून हसली. मग ती म्हणाली की चूक तिची नाही, पुट अपचे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि कुठला घ्यायचा ते फक्त पुढचामागचा प्रसंग सांगतो. माणसाला पुट अप केलं तर तो तुमच्याकडे राहतो. मशीनला केलं तर ते उभं राहतं.

पुढचे तीन दिवस तिने अंजनीला फळ्याशिवाय शिकवलं. स्टोव्ह बारीक करताना म्हणायची टर्न डाउन, विझवताना पुट आउट. चादरी घडी करून ठेवताना पुट अवे. शेजारचा लहानगा पायरीवरून पडला तेव्हा धावत जाऊन त्याला उचलताना पिक अप. अंजनीने तिला आपल्या आईचं देऊन टाकलं आणि देऊन बसली समजावून सांगितलं. हेमलताने ते वहीत उतरवून घेतलं. तिच्या सिंहलीतही अशीच गंमत आहे, ती म्हणाली, पण शाळेत कुणी पोरांना ते दाखवून देत नाही.

मंगळवारी टॅक्सी आली. निघताना हेमलता वेणूच्या पाया पडली आणि अंजनीला म्हणाली, "थँक यू फॉर पुटिंग अस अप. अँड फॉर पुटिंग अप विथ अस."

अंजनी थबकली. आणखी एक शेपूट, आधीच्या शेपटाला लागलेलं.

"सोसणं," हेमलता म्हणाली. इंग्रजीतच, पण खांदे पाडून, जड ओझं वाहिल्याचं सोंग करून. वेणूला न सांगताच कळलं. "नाय गं बाई," ती म्हणाली, "सोसायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी अंजनी शेठजींपुढे उभी राहिली. तिने मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. चुकीचा अर्थ सांगितला, माणसांना चार दिवस राबवलं, पाहुण्यांची गैरसोय झाली.

शेठजींनी तिला पुरं बोलू दिलं नाही. "बेटी, तू सही मतलब बताती तो मशीन एक महिना और पड़ी रहती. पाहुणा देखता क्या? नट-बोल्ट? उसने दो मशीन का ऑर्डर दिया." मग ते खुर्चीत मागे टेकून सिंधीत म्हणाले, "डाढो सुठो." त्याचा अर्थ फार छान, हे एव्हाना तिला माहीत होतं. "लेकिन अगली बार," त्यांनी बोट वर केलं, "कौन खड़ा होने का है, ये पूछ के बता."

त्यानंतर अंजनी कधी घाई करायची नाही. समजलं नाही तर फोनवर सरळ विचारायची, "सर, वुड यू से इट अनदर वे?" लोक चिडायचे नाहीत, उलट सावकाश बोलायचे. लीलाराम शेठजींनीही एकदा तिचं ऐकून तेच वाक्य म्हणून पाहिलं आणि फोन ठेवल्यावर दिवसभर खुशीत होते. हेमलताची पत्रं वर्षातून दोनदा यायची. वेणूसाठी प्रत्येक वेळी म्हातारीचा निरोप असायचा आणि एकदा वाळवलेल्या माशाची पुडीही आली, जिच्यामुळे पोस्टमनने पाकीट हात लांब करून दिलं.

नव्वद साली अंजनीचं लग्न झालं. नवरा हरिचंद्र, जांभूळच्या पाण्याच्या केंद्रावर पंप चालवायचा. दोघांनी बदलापूर गावात भाड्याने घर घेतलं. पहिल्या मुलीनंतर रोजचं येणंजाणं जड व्हायला लागलं तेव्हा तिने नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी शेठजींनी तिला पाच किलो गोळ्या दिल्या आणि बोर्डावर बसायला आलेल्या नव्या मुलीला सांगितलं की काही अडलं तर बदलापूरला जाऊन विचार.

बदलापुरात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या आणि इंग्रजी शाळा निघत होत्या. अंजनीने पुढच्या खोलीत दुपारचे वर्ग सुरू केले. मुली यायच्या, दुकानांत, दवाखान्यांत, ऑफिसांत लागू पाहणाऱ्या. ती पहिल्या दिवशी इंग्रजी शिकवायचीच नाही. बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकलं, यांत फरक काय ते मुलींना सांगायला लावायची. मुली भांडायच्या, उदाहरणं द्यायच्या, तासभर गलका चालायचा. मग ती म्हणायची, "बघा, हे तुम्हाला येतं. आता उद्यापासून तेच, फक्त दुसऱ्या शब्दांत."

शहाण्णवच्या जुलैत एका दुपारी जांभूळच्या बनूबाई तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, घरची वाडी, काकड्या-दोडके घेऊन बाजारात बसणाऱ्या. टोपली ओट्यावर आपटून त्या म्हणाल्या, "ती पंपावरच्या हरिचंद्राची बायको तूच ना? माझ्या नातवाला शाळेच्या बाईंनी चोर ठरवला. तू येऊन बोल त्यांच्याशी."

"काय म्हणाल्या त्या?"

"ही इज पिकिंग अप. मला येतं तेवढं. पोराच्या पुस्तकात हाय, पिक अप द बॉल, चेंडू उचल. मी घरी जाऊन त्याचं दप्तर उलटं केलं. एक खडू निघाला."

अंजनीने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. "बनूबाई, ते कौतुक होतं. पिकिंग अप म्हणजे पोरगा हळूहळू शिकायला लागलाय, त्याची प्रगती होतेय."

बनूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "नि मी त्याला धपाटा घातला," त्या म्हणाल्या. मग टोपलीतल्या दोन काकड्या काढून अंजनीपुढे ठेवल्या. "दुपारी मी रिकामीच असते. मला पण बसव इथे. परत कुणी काही बोललं तर उभ्या उभ्या कळलं पायजे."

त्या दुसऱ्या दिवसापासून येऊ लागल्या. लिहिणं त्यांना कठीण जायचं, पण कानाने एकदा धरलं की सुटायचं नाही. विशीतल्या मुली आधी बिचकायच्या, मग त्यांच्याच शेजारी जागा पकडायला लागल्या. वेणू लेकीकडे राहायला आली की तीही मागे बसायची आणि दोघी म्हाताऱ्या मध्येच आपसांत काहीतरी बोलून हसायच्या.

दिवाळीआधीच्या आठवड्यात अंजनीने फळ्यावर गेट लिहिलं आणि प्रत्येकीला एक वाक्य करायला सांगितलं. मुलींनी एकेक केलं. बनूबाईंची पाळी आली तशा त्या उठून उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि थांबून थांबून, प्रत्येक वाक्याला मान हलवत सांगायला लागल्या.

"आय गेट अप ॲट फोर. आय गेट ऑन टेम्पो. आय गेट ऑफ ॲट मार्केट. पोलीस कम, आय गेट अवे." मुली हसल्या, त्यांनी हाताने गप्प केलं. "ट्वेल्व्ह ओ क्लॉक, आय गेट रिड ऑफ ऑल काकडी. देन आय गेट बॅक होम."

"बनूबाई, एकच वाक्य सांगायचं होतं," अंजनी म्हणाली.

"एका वाक्यात कसा संपेल दिवस?" त्या म्हणाल्या आणि बसल्या. मग मागे वळून त्यांनी वेणूला सगळं पुन्हा मराठीत सांगितलं, पोलिसाचं जरा वाढवून. वेणूने ते आणखी दोनदा सांगायला लावलं, आणि त्या दिवशी पुढचं काही शिकवणं झालं नाही.